साप्ताहिक सभेचा तास

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकांमध्ये साधारणतः वास्तूंचा इतिहास लिहिला जातो. मंदिराचा जीर्णोद्धार कोणत्या वर्षी झाला, धर्मशाळेच्या खोल्या कोणी बांधून दिल्या, दवाखान्यास जागा कोणी दिली, हे सारे संगमरवरी पाटीवर कोरलेले असते आणि तेथून ते स्मरणिकेच्या पानांत उतरते. यात गैर काहीच नाही; दात्याचे स्मरण हे समाजाचे कर्तव्यच होय. परंतु सार्वजनिक कार्याचा एक मोठा भाग असा आहे की, ज्याची पाटी कोठेही लागत नाही. तो भाग म्हणजे माणसांनी ठरल्या वारी, ठरल्या वेळी एकत्र बसणे. डाळज, भिगवण, इंदापूर, बारामती या परिसरातील आपल्या समाजाची बरीचशी कर्ती माणसे एकीकडे समाजाच्या विश्वस्त संस्थांचे काम पाहत आली आणि दुसरीकडे रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा क्लबांच्या सभांनाही जात आली. पहिल्या कामाचा इतिहास दप्तरांत आहे. दुसऱ्याचा कोणी फारसा लिहिलेला नाही. सेवा क्लबाची साप्ताहिक सभा ही प्रथा आली कोठून, आपल्या तालुक्यांत ती रुजली कशी आणि आपल्यासारख्या विश्वस्त संस्थेला तिच्याकडून काय घेण्याजोगे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या प्रथेचा उगम अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. पॉल हॅरिस नावाचा एक तरुण वकील १८९६ साली त्या शहरात व्यवसायासाठी येऊन राहिला. त्याचे बालपण व्हरमाँट प्रांतातील वॉलिंगफर्ड या लहानशा खेड्यात आजी-आजोबांच्या घरी गेले होते. खेड्यात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. दुकानदाराशी देवघेव असते तशीच विचारपूसही असते. शिकागोत पक्षकार मिळाले, पैसा मिळू लागला, पण रविवारी ज्याच्या घरी जाऊन बसावे असे माणूस मिळेना. ही उणीव भरून काढण्यासाठी २३ फेब्रुवारी १९०५ रोजी हॅरिसने तीन परिचितांना एकत्र बोलावले. गस्टाव्हस लोअर हा खाण अभियंता, सिल्व्हेस्टर शील हा कोळशाचा व्यापारी आणि हायरम शोरी हा शिंपी. युनिटी बिल्डिंग नावाच्या इमारतीत सातव्या मजल्यावरील लोअरच्या ७११ क्रमांकाच्या कचेरीत ही चौघांची बैठक झाली. पुढील बैठका पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरत गेल्या आणि या फिरतेपणावरूनच 'रोटरी' हे नाव पडले.

आज रोटरीकडे पाहताना सेवेचा उल्लेख प्रथम होतो. पण आरंभी हेतू सेवेचा नव्हता. ओळख व्हावी आणि ओळखीतून एकमेकांचा धंदा वाढावा, एवढाच तो होता. सभासदांनी एकमेकांना किती काम मिळवून दिले याची नोंद ठेवणारा एक स्वतंत्र पदाधिकारीसुद्धा पहिल्या काही वर्षांत असे! पुढे ही नोंद बंद झाली. नित्य भेटणाऱ्या माणसांच्या बोलण्यात हळूहळू शहराचे प्रश्न येऊ लागले आणि शिकागोच्या मध्यभागी सार्वजनिक स्वच्छतागृहे व्हावीत यासाठी १९०७ च्या सुमारास या मंडळींनी जी खटपट केली, ती रोटरीची पहिली सार्वजनिक सेवा मानली जाते. जगभर पसरलेल्या या संघटनेची सुरुवात शौचालयाच्या मागणीने झाली, ही गोष्ट पदग्रहण समारंभांत सांगितली जात नाही. ती सांगितली जावी असे वाटते. आधी भेट, मग सेवा, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्या विश्वस्त संस्थांचा क्रम नेमका उलटा असतो. तेथे आधी दान येते, मग त्या दानाच्या व्यवस्थेसाठी माणसे एकत्र येतात.

शिकागोचा मूळ क्लब पंधरवड्याने भरत असे. दर आठवड्यास सभा घेण्याचा प्रघात कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या क्लबने पाडला. १९०९ साली निघालेला हा रोटरीचा तिसरा क्लब. ही पद्धत इतरांनी उचलली आणि पुढे ती नियमच होऊन बसली. १९१७ साली त्याच शिकागोत विमा व्यवसायातील मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने लायन्स क्लबांची संघटना उभी राहिली. तिच्या सभा बहुधा महिन्यातून दोनदा होतात.

आता आपल्याकडे वळू. आठवड्याने एकत्र येणे ही गोष्ट महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला नवी नव्हती. आठवडे बाजार हा आपल्या खेड्यांचा शेकडो वर्षांचा नेम. बाजाराच्या दिवशी धान्य, गूळ, जनावरे, कापड यांची खरेदी-विक्री होई. शिवाय सोयरिकी जुळत, उधारी फिटे, भांडणे मिटत आणि नवी जुंपतही. आपल्या समाजातील दुकानदारांचे सारे वेळापत्रक या बाजाराभोवती फिरत असे. परंतु जैन धर्माचरणाचा काळ मात्र आठवड्याने मोजला जात नाही. आपल्या पर्वतिथी अष्टमी-चतुर्दशीच्या. मंदिरातील स्वाध्याय रोजचा, चातुर्मास वर्षाचा, पर्युषण वर्षाचे. म्हणजे आठवडा बाजाराचा आणि तिथी धर्माची, अशी वाटणी होती. साप्ताहिक सुट्टीची कल्पना तर त्याहून अलीकडची. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, तेव्हा कोठे रविवार हा कष्टकऱ्याच्या हक्काचा वार झाला. सेवा क्लबाने आठवड्याला तिसरा अर्थ दिला. ना बाजाराचा, ना विश्रांतीचा. इतरांच्या कामासाठी राखून ठेवलेला एक तास.

भारतातील पहिला रोटरी क्लब कलकत्त्यास १९१९ साली निघाला आणि १९२० च्या आरंभी त्यास सनद मिळाली. मुंबईचा क्लब १९२९ चा, पुण्याचा १९३६ चा. कलकत्त्यात आरंभी युरोपियनांचा भरणा होता आणि या क्लबांचे कामकाज इंग्रजीत चाले. त्याच कलकत्त्याच्या क्लबातील नितीश लाहिरी हे पुढे १९६२-६३ मध्ये आंतरराष्ट्रीय रोटरीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. लायन्सचा भारतातील पहिला क्लब मुंबईत १९५६ साली स्थापन झाला. १९७२ साली नाना चुडासमा यांनी मुंबईतच 'जायंट्स' ही भारतीय संघटना सुरू केली. आपल्या समाजापुरते बोलावयाचे तर १९६५ साली मुंबईत पहिला 'जैन सोशल ग्रुप' निघाला आणि मग त्याच्या शाखा गावोगाव पसरल्या. तिकडे दक्षिण महाराष्ट्रात तर १८९९ साली स्तवनिधी क्षेत्री स्थापन झालेली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा याच्या किती तरी आधीपासून शिक्षणाचे आणि विद्यार्थी वसतिगृहांचे कार्य करीत होती. मात्र ती वार्षिक अधिवेशनांची संघटना. अधिवेशनात हजारो लोक येतात, ठराव होतात, उत्साह संचारतो. पुढील तीनशे चौसष्ट दिवसांचे काय, हा प्रश्न प्रत्येक अधिवेशनानंतर उरतोच.

महानगरांतून हे क्लब तालुक्याच्या गावांत आले ते स्वातंत्र्योत्तर काळात. ते तेव्हाच का आले आणि डाळजसारख्या गावात न निघता भिगवण, इंदापूर, बारामती अशा ठिकाणीच का निघू शकतात, याचे उत्तर रोटरीच्या एका जुन्या नियमात दडलेले आहे. 'एका व्यवसायाचा एकच सभासद' असा तो नियम. क्लबात एक वकील, एक शिंपी, एक कोळशाचा व्यापारी. दुसरा वकील यायचा तर त्याची उपशाखा वेगळी हवी. पुढे, २००१ नंतर, हा नियम बराच सैल झाला. पण मूळ रूपात तो आपल्या खेड्याला लावून पाहावा. पुणे-सोलापूर महामार्गालगतचे, भीमेच्या काठचे डाळज हे शेतकऱ्यांचे गाव. नियम अक्षरशः पाळला तर साऱ्या गावातून एकच शेतकरी सभासद व्हायचा! वेगवेगळ्या व्यवसायांची वीस-पंचवीस माणसे एका जागी असल्याखेरीज असा क्लब उभाच राहत नाही. म्हणून आपल्या भागातील सेवा क्लबांचा इतिहास हा खरे तर येथील व्यवसायांच्या इतिहासाचा शेवटचा अध्याय आहे.

तो इतिहास पाण्यापासून सुरू होतो. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला आणि अवर्षणाच्या छायेतील या प्रदेशाचा एक पट्टा हिरवा झाला. ऊस आला, गूळ आला, गुळाबरोबर अडत आली. १९१४ साली दौंडहून बारामतीस अरुंद मापाची रेल्वे आली. गुजरात, मारवाडकडून पूर्वीच येऊन स्थिरावलेल्या जैन व्यापारी कुटुंबांना या बाजारपेठेत मोठे क्षेत्र मिळाले. सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर १९३० नंतरच्या दशकात ऊसमळा आणि साखर कारखाना उभा करून वालचंदनगर वसविले, तेव्हा अभियंते, रसायनज्ञ, हिशेबनीस असे नवे वर्ग या तालुक्यात प्रथमच वस्तीला आले. पुढे भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर येथील सहकारी कारखान्यांनी त्यांत भर घातली. १९६२ साली बारामतीत अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले आणि प्राध्यापक हा एक वर्ग आला. जैन दर्शनातील एका मूळ संज्ञेचे नाव धारण करणारी ती संस्था आपल्या समाजाच्या शिक्षणप्रेमाची साक्ष होय. १९८० च्या सुमारास उजनीचे पाणी भीमेच्या खोऱ्यात पसरले. पळसदेवचे प्राचीन पळसनाथ मंदिर जलाशयात गेले (उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे शिखर आजही डोके वर काढते), गावे हलली, शेते गेली. आणि त्याच पाण्याने मासेमारी, बागायती, पुढे भिगवणच्या कागद कारखान्यासारखे उद्योग आणले. पाण्याने जे नेले त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. पण डॉक्टर, अडते, अभियंते, प्राध्यापक, बँक अधिकारी, वाहतूकदार अशी माणसे एका टेबलाभोवती बसू शकतील अशी परिस्थिती या शंभर वर्षांत निर्माण झाली.

आणि येथेच या कथेतील मौज आहे. पॉल हॅरिसला शहरात खेडे हवे होते. आपल्या तालुक्यांत खेडे होतेच; ओळखीची तर इतकी रेलचेल की, एखाद्याने नवीन बैल घेतला तरी साऱ्या पंचक्रोशीला कळावे. मग येथे साप्ताहिक सभेची गरज कोणाला होती? विचार केला म्हणजे असे दिसते की, आपल्या खेड्यातील ओळख ही ज्याच्या त्याच्या आळीतली, जातीतली, भावकीतली होती. पारावर बसणारे ठरलेले, मंदिरात येणारे ठरलेले, तालमीत जाणारे ठरलेले. अडत्या शेतकऱ्याला आयुष्यभर ओळखे, पण पट्टीच्या अलीकडून आणि पलीकडून. एका टेबलापाशी, सारख्याच खुर्च्यांवर, एकाच घंटेच्या ठोक्याला ही माणसे बसत नव्हती. शिकागोत सभेने अनोळखी माणसांना ओळखीचे केले. आपल्याकडे ओळखीच्या माणसांना थोडा वेळ आपली जुनी ओळख बाजूला ठेवावयास लावले. हे काम अधिक अवघड होते आणि ते सर्वत्र साधले असे म्हणणे धाडसाचे होईल. क्लबाची वर्गणी, पोशाख, हॉटेलचा खर्च यांमुळे तेथेही एक नवी आळी तयार झाली, हा आक्षेप खोटा नाही. तरीही जातीने न ठरणारी अशी दुसरी नियमित बैठक तालुक्याच्या गावात राजकीय पक्षाखेरीज कोणती होती, हे आठवून पाहावे.

सभेचा क्रम वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. ज्यांच्या नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अध्यक्ष घंटा वाजवून सभा सुरू करतात. सचिव सूचना वाचतात, वाढदिवस सांगतात. पाहुण्या क्लबातून कोणी आले असल्यास त्यांचे स्वागत होते. व्यवस्था पाहणारा पदाधिकारी विनोदाने एखाद्यास दंड करतो आणि तो दंड पेटीत पडतो. मग वक्त्याचे भाषण, चार प्रश्न, आभार, राष्ट्रगीत, आणि पुन्हा घंटा. सारे मिळून तास-दीड तास. सभेत स्वतःच्या धंद्याची जाहिरात करावयाची नाही, पक्षीय राजकारण आणावयाचे नाही. यातले एकेक अंग क्षुल्लक वाटते. पण दर आठवड्यास बाहेरचा एक वक्ता बोलावणे म्हणजे वर्षास चाळीस-पन्नास व्याख्याने. ऊस संशोधक, नेत्रतज्ज्ञ, प्राप्तिकर सल्लागार, इतिहासाचा अभ्यासक, गिर्यारोहक. तालुक्याच्या गावी एवढी व्याख्याने दुसरी कोणती संस्था इतक्या गाजावाजाविना घडवून आणते?

या साऱ्याचा कणा होता हजेरी. रोटरीत निदान निम्म्या सभांना उपस्थित राहणे बंधनकारक होते. सलग चार सभा चुकल्या आणि सबळ कारण नसले तर सभासदत्व जाऊ शके. गैरहजेरी भरून काढण्याची सोयही होती. भिगवणच्या सभासदाची सभा हुकली आणि तो त्या दिवसांत कामानिमित्त पुण्यास किंवा सोलापूरला असला, तर तेथील कोणत्याही क्लबाच्या सभेत बसावे, हजेरी मांडून घ्यावी. ती त्याच्या क्लबात धरली जाई. त्यासाठी सभेच्या आगेमागे चौदा-चौदा दिवसांची मुदत असे. हजेरीच्या या साध्या नियमामुळे मालाच्या खरेदीस गेलेला व्यापारी परक्या शहरात एक संध्याकाळ तेथील डॉक्टर-वकिलांत बसून येई. आपल्याकडील लग्नाच्या पंगतीत माणूस नाही आला तर चौकशी होते. सभेस नाही आला तर आकडा खाली येतो. दोन्हींचा धाक सारखाच.

आता एक अडचणीचा विषय. क्लबाच्या सभा बहुधा सायंकाळी, दुकाने बंद झाल्यावर होतात आणि त्यांना जेवणाची जोड असते. रात्रिभोजनाचा त्याग केलेल्या श्रावकाने तेथे काय करावे? कंदमूळ न घेणाऱ्याने बटाट्याच्या भाजीपुढे काय करावे? चातुर्मासात ही अडचण दुणावते. काहींनी सूर्यास्तापूर्वी घरी जेवून सभेस जाण्याचा आणि तेथे केवळ बसून राहण्याचा मार्ग स्वीकारला. काहींनी नेम सैल केला. काही सभेस गेलेच नाहीत. जैन सोशल ग्रुपसारख्या संघटना ज्या कारणांनी वाढल्या त्यांत ही सोय निश्चितच एक असावी. ज्येष्ठांनी त्या काळी 'क्लब' हा शब्द ऐकताच भुवया वर केल्या असतील तर त्यात नवल नाही. पदग्रहणाच्या मेजवान्यांतील काही प्रकार त्यांना पटण्यासारखे नव्हतेच. परंतु माझ्या मते पहिला मार्ग स्वीकारणाऱ्यांनी अधिक काही साधले. ताट समोर न घेता सभेत पूर्ण वेळ बसलेला माणूस इतर सभासदांना जैन आचाराविषयी जे सांगून गेला, ते कोणत्याही व्याख्यानाने सांगता आले नसते.

विश्वस्त संस्था आणि सेवा क्लब यांची तुलना केली असता मूलभूत फरक ध्यानी येतो. विश्वस्त संस्थेजवळ मालमत्ता असते. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली (आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो) तिची नोंदणी होते, हिशेब तपासले जातात, बदल अर्ज द्यावे लागतात. या कायद्याच्या जडणघडणीत एका जैन विश्वस्ताचा वाटा आहे, हे आपल्या समाजातही थोड्यांना ठाऊक असेल. रतिलाल पानाचंद गांधी यांनी या अधिनियमास आव्हान दिले आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निर्णय दिला. कायद्याचा गाभा न्यायालयाने वैध ठरविला, संस्थांकडून घेतले जाणारे अंशदान हा कर नसून शुल्क आहे असे मानले. मात्र धर्मादाय आयुक्तासच विश्वस्त म्हणून नेमण्याची तरतूद धर्मस्वातंत्र्यास बाधक म्हणून रद्द केली. आपली धर्मसंस्था आपणच चालवावी हा अधिकार त्या निर्णयाने दृढ झाला. अधिकार दृढ झाला. तो बजावण्यासाठी माणसे किती वेळा एकत्र येतात, हा प्रश्न कायद्याबाहेरचा.

क्लबाजवळ मालमत्ता नसते, किंवा असलीच तर थोडी. त्याची सभा हीच त्याची मालमत्ता. चार आठवडे सभा झाली नाही तर क्लब संपल्यात जमा. विश्वस्त संस्थेची वास्तू मात्र दहा वर्षे सभा झाली नाही तरी उभीच असते. याच कारणाने आपल्याकडील संस्थांना सभेविषयी आळस परवडतो. आणखी एक फरक. क्लबाचा अध्यक्ष दर वर्षी १ जुलैस बदलतो. तो कितीही कर्तबगार असो, वर्ष संपताच त्याने हातोडी दुसऱ्याच्या हाती द्यावयाची आणि मागील खुर्चीवर जाऊन बसावयाचे. पंचवीस वर्षांत पंचवीस माणसे घडतात. त्यांतील काही सामान्य निघतात, एखादे वर्ष वाया जाते, एकाने सुरू केलेले काम दुसरा पुढे नेत नाही, हे दोष आहेतच. उलटपक्षी विश्वस्त बहुधा तहहयात असतो. स्थैर्य लाभते, दात्यांचा विश्वास टिकतो. परंतु पंचाहत्तरीच्या विश्वस्तानंतर कोण, या प्रश्नाला अनेक गावी उत्तर नाही. मुलगा पुण्यात, नातू परदेशात. ही आपल्या समाजाची आजची सर्वांत मोठी काळजी आहे आणि स्मरणिकेच्या उत्सवी पानांत ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

स्त्रियांच्या बाबतीत क्लबांचा इतिहास अभिमानाने सांगण्याजोगा नाही. रोटरीत स्त्रियांना सभासदत्व नव्हते. सभासदांच्या पत्नींचे 'इनर व्हील' नावाचे मंडळ १९२४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे निघाले. भारतात ते १९५५ साली अहमदाबादेस आले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिलेल्या निकालानंतर, १९८९ मध्ये, रोटरीने स्त्रियांसाठी आपले दार उघडले. आपल्या समाजात त्याच्या कितीतरी आधी मुंबई आणि सोलापूर येथे श्राविकाश्रम उभे राहिले होते आणि पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांच्यासारख्या विदुषी संस्था चालवीत होत्या. एवढी परंपरा असूनही आपल्या किती विश्वस्त मंडळांवर स्त्रिया आहेत, हे वाचकांनी आपापल्या गावी मोजावे.

साप्ताहिक सभेच्या सवयीतून काय उभे राहू शकते याचे सर्वांत मोठे उदाहरण पोलिओचे. १९८५ साली रोटरीने जगातून पोलिओ नाहीसा करण्याचा संकल्प जाहीर केला. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि इतर संस्था त्यात उतरल्या. भारतात १९९५ पासून देशव्यापी लसीकरणाचे दिवस सुरू झाले. लस सरकारची, कर्मचारी आरोग्य खात्याचे. पण कोणत्या केंद्रावर कोणी बसावे, लसीचा डबा थंड राहण्यासाठी बर्फ कोठून आणावा, ऊसतोड कामगारांच्या खोपट्यांवर कोणी जावे, गाडी कोणाची, या गोष्टी ठरविण्यास गावोगाव नित्य भेटणारी माणसे तयार असणे मोलाचे होते. साखर कारखान्यांच्या आपल्या भागात हंगामापुरती येणारी आणि हंगाम संपताच जाणारी मुले हा कठीण भाग. यादीत ती सापडत नाहीत, पाचटाच्या कोप्यांत सापडतात. असे काम एका दिवसाच्या उत्साहाने होत नाही. भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताच्या पोलिओमुक्तीवर शिक्कामोर्तब झाले. शास्त्रकारांनी आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. दोन थेंबांचे हे दान औषधात मोडते की अभयात, हे विद्वानांनी ठरवावे.

लायन्सच्या नेत्रसेवेचा उगमही एका सभेतच आहे. १९२५ साली अमेरिकेतील ओहायो प्रांतात सीडर पॉइंट येथे भरलेल्या त्यांच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले. मोतीबिंदूच्या शिबिरांची जी परंपरा आपल्याकडे रूढ झाली, तिच्यामागे ती प्रेरणा आहे. अशा शिबिरांत क्लबाची संघटना आणि समाजाची धर्मशाळा यांची जोडी छान जमते. शस्त्रक्रियेची व्यवस्था क्लबाने पाहावी, रुग्णांच्या राहण्या-जेवणाची विश्वस्त संस्थेने. मालमत्ता असलेली संस्था आणि माणसे असलेली संस्था एकमेकींना पूरक ठरतात त्या अशा.

गेल्या काही वर्षांत साप्ताहिक सभेला ओहोटी लागली आहे. २०१६ साली रोटरीच्या विधी परिषदेने क्लबांना सभांच्या बाबतीत मोठी मोकळीक दिली. महिन्यातून दोन सभा झाल्या तरी पुरे असे ठरले, हजेरीचे बंधनही सैल झाले. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत सभा मोबाईलच्या पडद्यावर गेल्या. सभा पडद्यावर झाली तेव्हा उपस्थिती सोपी झाली हे खरे; साथीच्या काळात माणसे एकमेकांच्या संपर्कात राहिली, प्राणवायूची यंत्रे, औषधे, जेवणाचे डबे यांची माहिती क्षणात फिरली, हेही खरे. मोबाईलवरील गटात शुभेच्छांचे संदेश रोज शेकड्यांनी येतात. पण मतभेद झालेल्या दोन माणसांना पुढच्या आठवड्यात पुन्हा शेजारी बसावे लागत नाही. ते बसणेच तर सभेचे खरे काम होते.

शेवटी एक सूचना. फलटण हे गाव आपल्यापासून दूर नाही. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने धवलादी सिद्धान्तग्रंथ ताम्रपटांवर कोरून घेण्यात आले आणि ते तेथे जपले गेले आहेत. ताडपत्रे जीर्ण होतात म्हणून तांब्यावर अक्षरे उतरविणारा हा समाज आहे. आपल्या परिसरातील सेवा क्लबांची जुनी इतिवृत्ते मात्र माजी सचिवांच्या माळ्यांवर, दुकानांच्या पोटमाळ्यांवर पडून आहेत; घर बदलताना ती रद्दीत जातात. आपल्या विश्वस्त संस्थेच्या कार्यालयात लोखंडी कपाटे आहेत. त्यांतील एक या वह्यांसाठी राखून ठेवावे, प्रत्येक वहीवर क्लबाचे नाव आणि वर्ष घालावे, आणि समाजातील तसेच समाजाबाहेरील माजी पदाधिकाऱ्यांना त्या आणून देण्याविषयी पत्रे पाठवावीत. या वह्यांत तारीख असते, वक्त्याचे नाव व विषय असतो, जमलेल्या निधीचा आकडा असतो, आणि तळाशी उपस्थितांच्या सह्या असतात. मोडीत सही करण्याची सवय न सुटलेल्या एखाद्या जुन्या पेढीवाल्याची सहीही तेथे सापडू शकेल.